ताई, पहाटेच्या त्या फोनबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या बाजूच्या एकेकाळच्या नगरसेविका, पण तुमचं नाव कुठेही घालायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद आहे, ती पाळते आहे. आपल्या उपनगराचंही नाव लिहीत नाही, नाहीतर पश्चिम रेल्वेवरचे निम्मे लोक तुम्हाला लगेच ओळखतील. पण पत्र मात्र उघडच लिहिणार. तुमच्या घरी येऊन आभार मानायला तोंड उघडलं, तर तुम्ही "बरं बरं, चहा टाकू का?" म्हणून विषय संपवलात. तुमचा संपला असेल, माझा नाही संपलेला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळीतल्या घरांत आधी जुलाब सुरू झाले. पाण्याला वास होता. नळ सोडल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या तर नाकाला पदर लावून ओताव्या लागत. मग रंग निवळायचा, आणि निवळलं की आपण पितो. आमची पाण्याची वेळ पहाटे साडेचारची. त्या अंधारात कोण रंग बघतंय? अर्धी चाळ झोपेतच हंडे भरत असते. मग माझ्या लेकीचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. दहावीचं वर्ष. डॉक्टरांनी सांगितलं की दूषित पाणी पोटात गेल्यापासून ही कावीळ दिसायला दोन ते सात आठवडे लागू शकतात. मी घरी येऊन कॅलेंडर उलटं मोजलं. म्हणजे आमचा तक्रारीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात होता, त्या दिवसांतच कधीतरी ते पाणी तिच्या पोटात गेलं होतं. हे लिहितानाही हात थरथरतो.

आता थोडं त्यांच्याबद्दल, जे या पाण्यापायी तुमच्या आधी येऊन गेले. तुम्हाला हे आवडणार नाही, पण लिहिते.

आमच्या प्रभागाचे जे शेवटचे नगरसेवक होते, ते दारात भेटले. म्हणाले, मी आता माजी आहे, माझ्या हातात काही नाही, महापालिकेवर प्रशासक बसलाय. खोटं नव्हतं ते. सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षं या एवढ्या मोठ्या शहराला एकही नगरसेवक नव्हता. पण गंमत बघा, हे माजी साहेब दहीहंडीच्या बॅनरवर मात्र होते, गणपतीच्या कमानीवर होते, नवरात्रात होते. माजी फक्त पाण्यापुरते.

दुसरे एक इच्छुक. त्यांनी माणसं पाठवली, बाटलीबंद पाण्याचे खोके पाठवले. प्रत्येक खोक्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो. ज्या घरात पोर कावीळीने झोपलंय त्या घरात उभं राहून त्यांच्या माणसाने विचारलं, "वहिनी, या खोलीत मतं किती?" मी त्या दिवशी काही बोलले नाही. खोका ठेवून घेतला, पाणीही वापरलं. गरजच तशी होती.

तुम्हाला कोणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. एका संध्याकाळी तुम्ही आमच्या पायऱ्या चढत आलात. गुडघ्याला पट्टा, हातात कापडी पिशवी, बरोबर कोणी नाही. आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर तुमच्या विरोधात पत्रकं वाटली, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. त्यांच्याच खाटेशेजारी बसून तुम्ही पहिला प्रश्न विचारलात: "पाण्याची वेळ काय तुमची?"

तोवर कोणी म्हणजे कोणीच हे विचारलेलं नव्हतं.

मग वास पहिल्या पाण्याला येतो की शेवटच्या? सगळ्या नळांना की या बाजूच्याच? पाऊस पडल्यावर वाढतो का? आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. तुम्ही लेकीकडून शाळेची एक कोरी वही मागून घेतलीत, रेघा मारून दिल्यात, आणि ती वही तिच्याच उशाशी ठेवलीत. वेळ, वास, रंग, किती घरांत. "तू झोपूनच आहेस ना, मग हे काम तुझं," असं तिला सांगितलंत. आजारी पोरीला त्या दिवसापासून उठून बसायला एक कारण मिळालं. आई म्हणून मला ते औषधापेक्षा मोठं वाटलं.

आणि जाता जाता सासऱ्यांना म्हणालात, पाणी चालू असतं तोवर पाइप बाहेर फेकतो, पाणी गेलं की तोच पाइप आत ओढतो. चोवीस तास दाब नसलेल्या शहरात गटारातून गेलेली लाइन कुठे सडली, की हे होणारच. सासरे आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या म्हणण्याला मान डोलावताना मी बघितले.

पुढचं सगळं, अर्ज, नमुने, बाटल्या, सह्या, यात मी शिरत नाही. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की लाइन नेमकी कुठून गेलीय हे कोणालाच सापडत नव्हतं आणि ते तुम्हाला पाठ होतं. नव्वदच्या दशकात ती टाकताना तुम्ही तिथे उभ्या होतात. सार्वजनिक संडासाच्या मागून, मग गटाराच्या कडेने, आता ज्यावर फरशा घालून दुकान झालंय त्याच्या खालून. पालिकेच्या पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या पुढे तुम्ही चालत होतात. फरशी उचलली आणि सगळ्यांनी बघितलं. गंजून जाळी झालेल्या दोन लाइनी, वर काळं पाणी वाहतंय. नव्या लाइनी गटाराच्या बाहेरून, वरून घेतल्या. संध्याकाळी काम संपलं, माणसं गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. इथवर जे झालं त्याला मदत म्हणतात, आणि त्याबद्दल अख्ख्या चाळीने तुमचे आभार मानलेच आहेत.

मी हे पत्र त्याच्या दुसऱ्या दिवशीसाठी लिहिते आहे.

पहाटे साडेचार वाजून गेले होते. नळाखाली हंडा होता आणि फोन वाजला. त्या वेळेला फोन म्हणजे गावाकडून वाईट बातमीच. पोटात गोळा आला. स्क्रीनवर तुमचं नाव. उचलला, तर ना हॅलो, ना काही.

"आलं का?"

म्हटलं, आलं ताई.

"वास?"

मी म्हटलं, नसावा. तुम्ही म्हणालात, नसावा नको, पहिली बादली ओतू नकोस, ओंजळीत घे आणि नाकाशी ने. मी नेलं. मग म्हणालात, काचेच्या पेल्यात घे आणि दिव्यासमोर धर. फोन खांद्यात दाबून, पेला दिव्याकडे धरून मी स्वयंपाकघरात उभी. आतल्या खोलीतून लेक विचारतेय, काय गं आई, कोण आहे. मी सांगितलं, ताई, स्वच्छ आहे. तुम्ही एवढंच म्हणालात, "वहीत लिहायला सांग. उकळूनच प्या अजून आठवडाभर." आणि फोन ठेवलात.

तुमच्याकडे पाणी संध्याकाळी येतं, ताई. तुम्हाला त्या वेळी उठायचं काहीच कारण नव्हतं. तुम्ही आमची वेळ लक्षात ठेवलीत, गजर लावलात, उठलात, आणि आमच्या नळाला पाणी येईपर्यंत तुमच्या घरात जाग्या बसलात. त्र्याहत्तरीला टेकलेली बाई. मी पेला खाली ठेवला आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. लेकीला कावीळ झाली तेव्हाही इतकी रडले नव्हते, तेव्हा धावपळच इतकी होती. आणि तुम्ही काही एक दिवस करून थांबला नाहीत. पावसाचा जोर वाढला की पहाटे तुमचा फोन यायचाच.

काम करून देणारी माणसं भेटतात हो. पैसे घेऊन करतात, ओळखीने करतात, निवडणुकीच्या तोंडावर तर अंगावर येऊन करतात. केलेलं काम लागू पडलं की नाही, हे विचारायला परत कोण येतं? नारळ फोडायला येतात सगळे.

त्या दिवसांत तुमच्या आयुष्याबद्दल जे तुकड्यातुकड्यांनी कळलं, ते इथे मुद्दाम लिहिते, कारण आजच्या पोरांना नगरसेविका म्हणजे काचा काळ्या केलेली गाडी एवढंच माहीत आहे.

तुमचं माहेर गोरेगावचं. गोरेगाव १९५७ साली बृहन्मुंबईत आलं, त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती. म्हणजे शहराचे कर आले, नळ मात्र मागून यायचे होते. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत उतरलेल्या मृणाल गोरे १९६१ ला तिथून महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी बायकांना घेऊन इतक्या भांडल्या, की त्यांचं नावच 'पाणीवाली बाई' पडलं. तुमची आई त्या हंडा मोर्च्यांना जायची, तुम्ही तिचं बोट धरून. आणि १९७२ चा दुष्काळ, महागाई, तेल-साखर दिसेनाशी झालेली. मृणालताई, अहिल्याबाई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्या महागाईविरोधी मोर्च्यात लाटणी घेऊन थाळ्या बडवणाऱ्या बायकांमध्ये एकोणीस वर्षांच्या तुम्ही होतात. कोण समाजवादी, कोण कम्युनिस्ट, हे त्या गर्दीत कळायचंच नाही, असं तुम्ही हसून सांगितलंत. १९७७ ला मृणालताई लोकसभेत गेल्या आणि इंदिराबाई पडल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा देऊन तुमचा घसा बसला होता म्हणे.

लग्न होऊन तुम्ही आमच्या बाजूला आलात. १९८२ च्या गिरणी संपात यजमानांची नोकरी गेली ती गेलीच. तुम्ही पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागलात. १९९२ ला महापालिकेत बायकांसाठी राखीव वॉर्ड आले, तुम्ही उभ्या राहिलात आणि निवडून आलात. नगरसेविका झाल्यावरही पहाटे पोळ्या लाटून मगच वॉर्डात फिरायला निघायचात, हे मला तुमच्या शेजारणीने सांगितलं. तुम्ही नसतंच सांगितलं.

एकच टर्म मिळाली तुम्हाला. पुढच्या वेळी वॉर्डाचं आरक्षण बदललं, शेजारच्या वॉर्डातून उभं केलं, तिथे पडलात. मग पक्षाने तिकीट दिलं नाही, तुम्ही मागितलं नाही. पाच वर्षं खुर्ची आणि त्यानंतरची जवळपास तीस वर्षं नुसतं घर. पण रेशनकार्ड, शाळेचा दाखला, विधवा पेन्शन, पाण्याची गटजोडणी, लोक तुमच्याच जिन्यावर. सभापती नाही, महापौर नाही, पेट्रोलपंप नाही. यजमानांच्या आजारपणात सरकारी रुग्णालयात तुम्ही रांगेत उभ्या होतात, हेही मला शेजारणीनेच सांगितलं.

एक विचारायचं राहिलं होतं, ते त्या पावसाळ्यात गच्चीवर विचारलं. ताई, तुम्हाला राग येत नाही का, की ज्यांनी काही केलं नाही ते चारचार वेळा निवडून आले? तुम्ही विहार तलावाच्या दिशेला बोट दाखवलंत. म्हणालात, मुंबईचा पहिला तलाव, १८६० चा, इथून एवढासा लांब. त्याच्या उशाशी राहणाऱ्यांना हंडे घेऊन उतरावं लागतं, राग करायचा तर याचा करीन. आणि मग ऊर्ध्व वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी असे सातही तलाव पोरीकडून पाठ करून घेतलेत. मला तुमचं उत्तर पूर्ण पटलं असं नाही. माझा त्या खोकेवाल्यांवरचा राग आहे तिथेच आहे, आणि तो असू द्यावा असं मला वाटतं. सज्जन माणसांनी राग गिळायचा आणि बाकीच्यांनी कमानी उभारायच्या, ही वाटणी बरी नाही, ताई.

लेक आता ठणठणीत आहे. वजन भरलं, अभ्यासाला लागली. वही संपली म्हणून तिने दुसरी केलीय. पावसाळा नसला तरी रोज लिहिते, वर तारीख, खाली सही.

आणि हो, नवीन नगरसेवक निवडून आल्यावर आभार मानायला चाळीत आले होते. मी त्यांच्यासमोर ती वही ठेवली. त्यांनी पानं चाळली, छान छान म्हणाले, आणि लेकीबरोबर फोटो काढला. खालच्या ओळीच्या लाइनी अजून गटारातूनच जातात, हे त्यांना सांगितलंय. बघतो म्हणाले. या पावसाळ्याच्या आत ते काम झालं पाहिजे, नाहीतर पुन्हा कोणाचं तरी पोर. तेव्हा ताई, गुडघा बरा असेल तर येत्या आठवड्यात एकदा या, सगळे मिळून त्यांच्याकडे जाऊ. बोलायचं आम्ही. तुम्ही नुसतं बसा.

तुमची,
नळाशेजारच्या खोलीतली