एकवीस बेदाणे आणि क्लासमधली ट्रिक

मा. संपादक साहेब,

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो, त्यामुळे घरात बेदाण्याची पुडी कायम असते, आणि पुढचं सगळं त्या बेदाण्यांवरच झालं. मुलगी सातवीत आहे. मागच्या महिन्यात गणिताच्या क्लासवरून आली ती दप्तर टाकून म्हणाली, पप्पा 21 बेदाणे काढा, एका वेळी एक, दोन नाहीतर तीन उचलायचे, शेवटचा ज्याला मिळेल तो जिंकला, आणि पहिला चान्स माझा. तीन डाव खेळलो, तिन्ही हरलो. क्लासमध्ये ट्रिक सांगितलीय म्हणे, सुरुवातीला एकच घ्यायचा आणि मग समोरच्याचे आणि आपले मिळून चार करत जायचे.

मग मी पुडीतले अजून दोन टाकून 23 केले. तिने सवयीने एकच उचलला, मी दोन उचलले, राहिले 20, आणि तिथून ट्रिक माझ्या हातात आली. दोनदा हरल्यावर पोरगी रडवेली झाली, म्हणाली सरांनी असं सांगितलंच नाही. मला खरंच वाईट वाटलं, फी भरून लेकराला उत्तर मिळालं पण ते उत्तर का येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री लाइट गेली होती, मोबाईलच्या उजेडात वहीवर मागून सुरुवात केली. एक, दोन किंवा तीन उरले तर ज्याचा चान्स तो जिंकला. चार उरले तर तो काहीही उचलू दे, समोरच्याला तीन, दोन नाहीतर एक मिळणारच, म्हणजे चारवाला अडकला. पाच, सहा, सात असतील तर समोरच्याला चारवर आणून सोडायचं, आठवाला परत अडकला. बारापर्यंत आल्यावर तिने वही माझ्याकडून ओढूनच घेतली आणि पुढचं स्वतः लिहिलं. आणि मग तिनेच विचारलं, शेवटचा घेणारा हरतो असा नियम केला तर? लिहीत गेली तर अडकायचे आकडे आले 1, 5, 9, 13, 17 आणि 21! म्हणजे या नियमाने 21 ला पहिला खेळणाराच हरतो, क्लासची ट्रिक बरोब्बर उलटी पडते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने काढलं.

कॉलेजात आमचं गणित होतं म्हणून पुढचा खेळही दाखवला, तीन, चार आणि पाच असे तीन ढीग, एका वेळी एकाच ढिगातून हवे तेवढे उचलायचे, शेवटचा घेईल तो जिंकला. याला निम म्हणतात, हार्वर्डच्या चार्ल्स बाउटन यांनी 1901 मध्ये याचं पूर्ण गणित मांडलं, आणि 1940 च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तर हा खेळ खेळणारं मशीनच ठेवलं होतं. युक्ती बेदाण्यांवरच दिसते. ढिगाचे एक, दोन, चार असे गट पाडा. तीन म्हणजे दोन आणि एक, चार म्हणजे चारच, पाच म्हणजे चार आणि एक. आता जोड्या लावा, एकाला एक मिळाला, चाराला चार मिळाले, दोनचा गट एकटा राहिला, तर तीनच्या ढिगातून तेच दोन उचला. आता समोरचा काहीही करो, जोडी मोडणारच, आणि आपण ती परत जुळवायची.

साहेब, आपल्या रविवारच्या पानावर कोडी येतात, मुलगी आवर्जून सोडवते. उत्तर तुम्ही खाली उलटं छापता, त्याला जोडून ते उत्तर का, हे दोन ओळीत छापाल का, आणि पुढच्या रविवारी तेच कोडं एक नियम बदलून द्याल का? सुरुवातीला दोन, चार आणि सात असे ढीग द्या, बघा किती पोरं जोड्या लावतात ते.

आपला,
एक वाचक, सांगली