‘९० टक्के काम झालं’ म्हणजे नक्की किती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अमुक प्रकल्पाचं ९० टक्के काम पूर्ण’ अशी बातमी तुमच्या पेपरात आली की मी आधी काम पूर्ण व्हायची मूळ तारीख शोधते, आणि बहुतेक वेळा ती बातमीत नसतेच. शेड्यूल बनवणं आणि दर आठवड्याला ते अपडेट करणं हेच माझं बरीच वर्षं काम, म्हणून राहवलं नाही, लिहितेय.

सॉफ्टवेअरमध्ये कामांची नावं आणि तारखा टाकल्या की रंगीत पट्ट्यांचा गँट चार्ट तयार होतो, प्रिंट काढून भिंतीवर लावला की झालं असं लोकांना वाटतं. पण खरी गोम पुढेच आहे. काम सुरू व्हायच्या आधी त्या तारखा बेसलाइन म्हणून सेव्ह करायच्या असतात, नंतर उशीर झाला तरी त्यांना हात लावायचा नाही, प्रत्यक्षातल्या तारखा वेगळ्या भरायच्या, तेव्हाच दोन्हीतला फरक डोळ्यांना दिसतो. मी पूर्वी एका प्रोजेक्टवर होते तिथे उशीर झाला की मूळ तारखाच पुढे सरकवायला सांगायचे, त्यामुळे दर मीटिंगला कागदावर आम्ही अगदी वेळेत आणि साइटवर मात्र कामं तशीच पडलेली. शेवटी सगळं एकदम अंगावर आलं तेव्हा उशीर नेमका कुठून सुरू झाला हे दाखवायला कुणाकडे जुनी कॉपीसुद्धा नव्हती. मी तेव्हा ती बाजूला ठेवायला हवी होती, याचं आजही वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कामं एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणजे आधीचं लांबलं की पुढच्याची अपेक्षित तारीख आपोआप सरकते. १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीत प्लांटच्या कामांसाठी क्रिटिकल पाथची पद्धत निघाली ती यासाठीच, की कामांची सगळ्यात लांब साखळी कुठली ते कळावं, कारण त्या साखळीत एक दिवस गेला की अख्ख्या प्रोजेक्टचा एक दिवस जातो, बाकी कामांना थोडीफार सवड असते. आणि आपण अजून तारखा हाताने टाइप करतो! मग मागचं काम १० दिवस लांबलं तरी पुढच्याची पट्टी जागची हलत नाही, चार्ट मात्र छान दिसतो.

आता ते टक्के. ‘किती झालं’ विचारलं की माणूस अंदाजे ७०, ८० सांगतो आणि ९० ला पोचला की तीन-तीन आठवडे तिथेच अडकतो. म्हणून मी टक्के विचारणंच सोडलं, अजून किती दिवस लागतील ते विचारते. मोठं काम असेल तर एक-दोन आठवड्यांचे तुकडे करते, तुकडा पूर्ण झाला तरच मोजायचा, अर्धवट असला तर शून्य. सारख्या आकाराच्या १० तुकड्यांपैकी आजपर्यंत ६ व्हायला हवे होते आणि झाले ४, तर वेग ठरल्याच्या दोन तृतीयांश आहे, एवढं गणित कुणालाही कळतं, पण त्यातला ६ चा आकडा बेसलाइनमधूनच येतो, ती पुसली की हिशोबच संपला.

तेव्हा कळकळीची विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी छापताना टक्क्यांच्या शेजारी तीन गोष्टी द्या: पहिल्यांदा ठरलेली तारीख, आजची अपेक्षित तारीख आणि मधे किती वेळा बदलली ते.

आपली,
एक नियमित वाचक