आळीतलं नवं बांधकाम आणि आपलं जोतं

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

समोरच्या वाड्याच्या जागी पाच मजली इमारत उठतेय, किराणा दुकानात काचेचं मोबाइलचं शोरूम आलं आणि कोपऱ्यावरचं शिंप्याचं फळ्यांचं दुकान गेलं. यावरून आळीत रोज पंचायत भरते आहे, हे दोघांच्याही फोनवरून समजलं. बाबा म्हणतात, आळीची पार रया गेली. शेजारच्या काकू म्हणतात, गुडघे गेलेल्या माणसाला लिफ्ट नको का? भाजीवाल्या मावशींना बसायला ओटा राहिला नाही, आणि मोबाइलवाल्या पोराला वाटतं, चिपळूण आता कुठे शहर दिसायला लागलंय. सगळ्यांचंच खरं आहे. पण या सगळ्या बोलण्यात जोत्याचं, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतच्या चौथऱ्याचं, नाव कुणी काढत नाही. इमारतीचा रंग, काच, चकचकीतपणा यावर कितीही बोललात तरी नगरपरिषद त्यावर काही करू शकत नाही. जोत्याच्या उंचीवर मात्र लेखी विचारता येतं आणि त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी भरावाचं बघू. समजा समोरचा प्लॉट ६० बाय ८० फुटांचा आहे आणि त्यांनी चार फूट भराव टाकला. आधी तेवढ्या जागेत जे साडेपाचशे घनमीटर पाणी मावायचं, ते आता मावणार नाही. दहा हजार लिटरचे ५४ टँकर धरा. आळीत याचा अर्थ लोक भलताच लावतात. २६ जुलै २००५ किंवा २२ जुलै २०२१ सारखा पूर आला, तर एका प्लॉटच्या भरावाने पाण्याची पातळी काही वाढत नाही. वाशिष्ठी आणि शिवनदी एकदम चढतात, खाडीला भरती असते, वर घाटात कोसळत असतं आणि कोळकेवाडीकडून कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही त्याच नदीत येतं. त्या हिशेबात ५४ टँकर म्हणजे काहीच नाही. भराव बाधतो तो दर जूनच्या पहिल्या जोरदार सरीत. पूर्वी त्या वाड्याच्या मागच्या परसात मुरणारं आणि बोळातून गटाराकडे जाणारं पाणी आता भरावाच्या कुशीला लागून आपल्या पायरीशी येणार. तेव्हा तक्रार करायची ती ‘यांच्यामुळे पूर येईल’ अशी नको, तसं लिहिलंत की साहेब हसून कागद बाजूला ठेवतात. ‘या प्लॉटचं पावसाचं पाणी कुठल्या गटारात, किती उतारावर सोडलंय ते नकाशात दाखवा’ असं विचारा.

भरावानंतर दुसरा चोर म्हणजे आपला रस्ताच. दरवेळी जुन्या डांबरावर नवं डांबर पडतं. एका थराला दीड-दोन इंच धरा, काँक्रीट केलं तर सहा ते आठ इंच. जुनं खरवडून न काढता असे चार-पाच थर चढले की ज्या घराला तीन पायऱ्या होत्या, त्याला दोनच उरतात. बिल्डरचा भराव सगळ्यांना दिसतो, रस्त्याचा चढ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि जुन्या घरात पाणी शिरायला हे दुसरं कारण बहुतेकदा जास्त जबाबदार असतं. रस्त्याचं काम निघालं की आधी खरवडा, मग डांबर टाका, हे आळीने एकमुखाने सांगायला हवं. इथे जुने-नवे असा वादच येत नाही.

आता पूररेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. या रेषांवरून आपल्याकडे किती निवेदनं नि बैठका झाल्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (२ डिसेंबर २०२०) नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या जागेत नवं बांधकाम निषिद्ध आहे. बागा, पार्किंग आणि उघडा ओट्यांचा भाजीबाजार अशा थोड्या गोष्टी चालतात. भाजीवाल्या मावशींना हे जरूर सांगा. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधायचं असेल, किंवा निळ्याच्या आतली जुनी अधिकृत इमारत नव्याने उभारायची असेल, तर पातळी लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट हवी. निळ्याच्या आत असेल तर पाटबंधारे खात्याची ना हरकतही लागते.

या दीड फुटातच सगळ्या दुकानांचं भवितव्य आहे. उदाहरणाला धरा, की लाल रेषा रस्त्यापासून चार फूट वर निघाली. मग दुकानाची फरशी साडेपाच फुटांवर जाते. सहा इंची पायरी धरली तर अकरा पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर १ला १२ हे प्रमाण (एक फूट चढाला बारा फूट लांबी), म्हणजे ६६ फुटांचा रॅम्प, वर मधे थांबायला सपाट जागा वेगळी. ४० फुटी दर्शनी बाजूला हा रॅम्प बसवायचा कुठे? म्हणून बहुतेक नकाशांत तळाला मोकळं पार्किंग ठेवतात आणि दुकानं वर ढकलतात. ग्राहक मात्र वर चढत नाही. पोस्टकार्ड, सुतळी, दोन रुपयांची काडेपेटी घ्यायला अकरा पायऱ्या कोण चढणार? वर टिकतात ती दागिन्यांची, कपड्यांची, मोबाइलची दुकानं, जिथे माणूस ठरवून जातो. किराणावाला, शिंपी, कल्हईवाला आळीतून गेले ते कुणाच्या दुष्टपणाने नव्हेत. त्यांचा धंदा रस्त्याच्या पातळीवरचाच होता. आणि खाली पार्किंग झालं की संध्याकाळी सातनंतर त्या पट्ट्यात दिवाही नसतो नि माणूसही नसतं. बाबांना जी रया गेल्यासारखी वाटते, तिचं अर्धं कारण हे आहे.

यावर मार्ग निघतो. इमारतीच्या दर्शनी भागात आठ-दहा फूट खोलीचे उघडे ओटे रस्त्यापासून दीड-दोन फुटांवर ठेवायचे. तिथे पाणी आलं तर येऊ दे. भिंती नाहीत, प्लायवूड नाही, विजेचा एकही पॉइंट सात फुटांच्या खाली नाही, फरशी कडाप्प्याची किंवा जांभ्याची. माल हातगाडीवर किंवा क्रेटमध्ये, पाणी चढायला लागलं की अर्ध्या तासात वर नेता येईल इतकाच. पक्की दुकानं मागे नि वर. आपल्या सोसायटीकडे पुनर्विकासाचा प्रस्ताव आलाच आहे, तर ही मागणी आर्किटेक्टच्या पहिल्याच आराखड्यात घाला. नकाशा मंजूर झाल्यावर ओटा मागितला, तर बिल्डर सुधारित परवानगीचा खर्च तुमच्या अंगावर टाकेल.

समोरच्या इमारतीचं जोतं किती उंच आहे, हे मोजायला इंजिनिअर नको. हार्डवेअरच्या दुकानात दहा-बारा मिलिमीटरची पारदर्शक नळी मिळते, ती ५० फूट घ्या. बादलीतून पाणी ओढून भरा, त्यात चिमूटभर नीळ टाका म्हणजे पातळी स्पष्ट दिसेल. आपल्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची जी खूण आहे, तिच्याशी नळीचं एक टोक धरून कुणीतरी उभं राहायचं. दुसऱ्याने दुसरं टोक त्यांच्या जोत्याशी न्यायचं. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढल्यावर पाणी स्थिरावेल. खुणेशी पाण्याची पातळी जुळली की दुसऱ्या टोकाला जोतं त्याच्या किती वर वा खाली आहे ते टेपने मोजा. नळीत बुडबुडा अडकला की आकडा साफ चुकतो, तेव्हा नळी आधी पूर्ण उलगडून, टिचक्या मारून हवा काढा. अर्धी नळी उन्हात नि अर्धी सावलीत नको. दोनदा मोजा, अर्ध्या इंचाच्या आत जुळलं पाहिजे. हे काम सकाळी करा. आणि बाबा, तुम्ही नळी धरा, बोळ ओलांडायचं काम खालच्या मजल्यावरच्या मुलाला द्या.

आता दर्शनी भाग बदलणाऱ्यांबद्दल. मोबाइलच्या शोरूमने जुन्या जांभ्याच्या भिंतीवर लोखंडी पाइपांचा सांगाडा मारून एसीपीचे (मधे प्लास्टिक असलेले अॅल्युमिनियमचे) पत्रे चढवलेत, असं आईच्या बोलण्यावरून वाटलं. कोकणात या कामात ठरलेल्या तीन चुका होतात. जांभा सच्छिद्र असतो, त्यात नुसता प्लास्टिकचा प्लग ठोकून स्क्रू मारला की पहिल्या वादळी वाऱ्यात तो भोकासकट बाहेर येतो. आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) लागतो. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड किंवा अॅल्युमिनियमचा हवा. साधं लोखंड रंगवून मारलं, तर दोन-तीन पावसाळ्यांत पत्र्याखालून तांबडे ओघळ यायला लागतात. आणि पत्रा भिंतीला चिकटवायचा नाही. मागे दोन इंच पोकळी, खाली हवा शिरायला फट आणि वर पाणी बाहेर टाकणारी पट्टी हवी. नाहीतर कौलावरून झिरपलेलं पाणी पत्र्यामागे कोंडतं, जांभा महिनोन् महिने ओला राहतो आणि वाशांची टोकं कुजतात. बाहेरून दुकान चकचकीत, आत भिंतीला हात लावला तर गार. ती भिंत आपल्याशी सामाईक आहे, तेव्हा आपल्या बाजूला गिलाव्याला फुगे आलेत का ते आईने बघावं. आले असतील तर सिमेंटचा लेप मुळीच लावून घेऊ नका. सिमेंटने ओल आत कोंडते. तिथला गिलावा काढून भिंत वाळू द्या, मग चुन्याचा हात द्या.

शोरूमची पाटी मराठीत नाही, ही तुमची तक्रार मात्र कायद्याला धरून आहे. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार पाटी मराठीत देवनागरीत हवी आणि इतर लिपीतली अक्षरं तिच्याहून मोठी नकोत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. त्या पोराला आधी प्रेमाने सांगा, बहुतेक ऐकेल.

शटरबद्दल आळीत जी फुशारकी चालते, तीही ऐकली. ‘जाड शटर बसवलंय, आता पाणी शिरायचं नाही.’ हिशेब असा आहे: एक मीटर खोल पाणी दर मीटर रुंदीला साधारण पाचशे किलोने रेटतं. दहा फुटी शटरवर दीड टन. पाणी दुप्पट चढलं की रेटा चौपट होतो, म्हणजे दोन मीटरला सहा टन. कुठलंही शटर यापुढे मान टाकतं. पाण्याला अडवायचं ते फार तर तीन फुटांपर्यंत. त्यापुढे दार उघडून आत-बाहेर पातळी सारखी होऊ द्यायची, नाहीतर शटरच्या आधी भिंत जाते. आणि तीन फुटांपर्यंत अडवायला सर्वांत चांगली युक्ती आपल्या शिंप्याकडे होती: चौकटीला खाच आणि खाचेत एकावर एक बसणाऱ्या, नंबर घातलेल्या फळ्या. आज त्याच पद्धतीने अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि खाली रबराची पट्टी लावून पूरफळ्या बसवतात. चौकट पक्की जमिनीत घट्ट बसलेली हवी, आणि संडासाच्या पाइपला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर दाराशी अडवलेलं पाणी भांड्यातून वर येतं, तेही काय घेऊन येईल ते सांगायला नको.

पुनर्विकासाच्या कागदांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर वकील बोलेलच. सहकार कायद्याच्या ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय सेक्रेटरींकडून मागून घ्या. विशेष सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी आणि सभेचं चित्रीकरण हवं. बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी. नोंदणीकृत करार, गॅरंटी आणि बांधकाम सुरू करण्याचा दाखला हातात आल्याशिवाय घराची किल्ली द्यायची नाही. सगळे घाई करतात ती इथेच. करारात क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच (कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं) लिहिलेलं असू दे. लिफ्टबद्दलही एक ओळ हवी: मशीन वर हवं, आणि तळाच्या खड्ड्यात पाणी आलं की केबिन आपोआप वरच्या मजल्यावर जाऊन थांबेल अशी सोय हवी. काकूंच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी हे खरं, पण पुरानंतर ती पंधरा दिवस बंद पडणार असेल तर त्या चौथ्या मजल्यावर अडकून बसतील.

समोरच्या इमारतीचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागवा. अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नुसतं ‘नकाशा द्या’ असं लिहू नका. मंजूर नकाशाची प्रत, त्यावर दाखवलेली निळ्या-लाल रेषेची पातळी, जोत्याची पातळी, पावसाच्या पाण्याचा निचरा दाखवणारा आराखडा आणि जोते तपासणीचा दाखला, असे पाच मुद्दे वेगवेगळे मागा. जोत्याची तपासणी अजून झाली नसेल, तर आत्ताच तुमच्या मोजणीच्या आकड्यासकट मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या. जोत्यावर एकदा मजले चढले की पातळीबद्दल काही करून घेणं फार अवघड जातं. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. सह्या शक्यतो दोन्ही बाजूंच्या घ्या: जुन्या घरवाल्यांच्या, दुकानदारांच्या आणि काकूंचीही. पाण्याचा उतार सगळ्यांना सारखाच लागू आहे.

अर्जाचा मसुदा मी टाइप करून धाकट्याच्या मोबाइलवर पाठवते, त्याने छापून आणावा. मोजणीचा आकडा लिहायला मधे जागा सोडली आहे. आई, मीटर वर चढवायचं राहिलं आहे, त्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज तुझ्या नावाने करावा लागेल, कारण बिल तुझ्या नावावर आहे. बिलाची झेरॉक्स काढून ठेव.

तुमची,
लेक