सतरावी मात्रा

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरवडा उलटला. तुझ्या धाकटीचा कथकचा पहिला कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे आणि तयारीला नेमके काय काय लागते, असे तू विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या चिऊचा कार्यक्रम गेल्याच रविवारी गडकरी रंगायतनात झाला आणि त्याआधीचे दहा दिवस या घरात घुंगरू, पिना आणि मात्रा (तालाचे ठोके) यांखेरीज दुसरा विषय नव्हता. पुण्यात शिकत असताना, कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ साली स्थापन केलेल्या ‘नृत्यभारती’ या संस्थेच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम पाहायला आपण गेलो होतो आणि मध्यंतरात भेळ खायला म्हणून बाहेर पडलो ते परतलोच नाही, हे तू विसरला नसशील. त्या भेळेचे पैसे मी आता व्याजासकट फेडतो आहे.

हिची त्या आठवड्यात रुग्णालयात रात्रपाळी होती, त्यामुळे सगळी तयारी माझ्याकडे आली. पोशाखाचे म्हणशील, तर अंगरखा शिंप्याकडून आला की घरी चढवून मुलीला दहा-बारा चकरा मारायला लाव, कारण उभ्या मुलीवर नीट बसलेली ओढणी तिसऱ्या चकरेला खांद्यावरून सुटते. आम्ही ती खांद्यावर आतल्या बाजूने दोन ठिकाणी आणि कमरेला एका ठिकाणी पिनेने टाचली, तेव्हा कुठे ती जागची हलेनाशी झाली. वेणीचा सराव मात्र अगोदर कर. मला चार दिवस लागले आणि पाचव्या दिवशी चिऊ म्हणाली, ‘‘बाबा, आज शाळेतल्या बाई हसल्या नाहीत.’’

घुंगरांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना डाव्या पायाची दोरी तुटली आणि पन्नास घुंगरू दिवाणखानाभर उधळले. सोफ्याखालून शेवटचे दोन काढायला मला पट्टी घालावी लागली. दुकानातून नवी जोडी आणावी असे माझ्या मनात आले होते, पण चिऊला नाच शिकवणाऱ्या ताईंनी फोनवर सांगितले, की तिच्या पायाला या घुंगरांच्या वजनाची सवय झाली आहे, दोरी तेवढी बदला. मग रात्री जेवणे झाल्यावर मी जाड सुती दोरी घेऊन बसलो. दोरी घुंगराच्या नाक्यातून ओवायची, लगेच गाठ मारायची आणि गाठ घुंगराला चिकटेपर्यंत ओढून घ्यायची. गाठ सैल राहिली, तर शेजारचे दोन घुंगरू एकमेकांवर घसरतात आणि पायाचा आवाज फुटका येतो. पहिले वीस मला उसवून पुन्हा ओवावे लागले. दीड वाजता पूर्ण झाले, तेव्हा तर्जनीला दोरीचा वळ उमटला होता. बांधताना घोट्यापासून सुरुवात करून वर वर घट्ट वेढे घ्यायचे, आणि खाली मऊ कापडाची पट्टी जरूर घाल, नाहीतर कातडी सोलवटते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांसाठी आम्ही फरशीवर दोन सतरंज्या अंथरत होतो. तरीही एका संध्याकाळी ते वर आले, मी माफी मागायच्या तयारीत होतो, तर म्हणाले, ‘‘द्रुत लय अजून कच्ची आहे हो.’’

आता खरा विषय. तुला ठाऊक आहे, की मी जन्माचा हिशेबनीस. सरावाला मदत म्हणजे मोजणे, अशी माझी समजूत होती. तीनताल सोळा मात्रांचा, चार-चार मात्रांचे चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर टाळीविना ‘खाली’, इतके मी एका संध्याकाळी पाठ केले आणि ती तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, करू लागली की समोर बसून एक ते सोळा आकडे म्हणू लागलो. ती दरवेळी चुकायची. शेवटी कंटाळून म्हणाली, ‘‘बाबा, तू आकडे म्हणू नकोस. बोल म्हण.’’ ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे हाताने टाळी-खाली दाखवत म्हणायला मला तीन दिवस लागले. आकडे सगळे सारख्याच तोंडाचे असतात, पण ‘आ’ आला की पाऊल बदलते आणि आपण कुठे आहोत हे अंगाला कळते.

तिहाईवर, म्हणजे एकच तुकडा तीनदा नाचून करायच्या शेवटावर, तर आमचे भांडणच झाले. तिच्या तिहाईत पाच मात्रांचा तुकडा तीनदा येतो आणि मध्ये दोनदा एकेक मात्रा मोकळी सोडायची असते. वीजबिलाच्या पाठीवर मी बेरीज मांडली : तीन पंचे पंधरा आणि दोन, सतरा. ताल सोळाचा. ताईंची एक मात्रा चुकली आहे, असे मी विजयी मुद्रेने जाहीर केले. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले, की मला आपली शाळेतली गणिताची परीक्षा आठवली. ‘‘सतरावी म्हणजे पुढची पहिली, बाबा. तीच तर सम.’’ समेवर यायचे म्हणजे आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा फेरा, पुरे करून त्याच्या एक पाऊल पुढे टाकायचे, हे नऊ वर्षांच्या मुलीने मला शिकवले. ते वीजबिल मी जपून ठेवले आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जांभळी नाक्यावरून गजरे आणले आणि ओल्या फडक्यात गुंडाळले. दुपारी मासुंदा तलावाला वळसा घालून रिक्षा रंगायतनाशी पोहोचेपर्यंत तिने दोनदा पाणी मागितले आणि एकदाही प्यायली नाही. रंगपटातला गोंधळ तू स्वतः पाहशीलच. घरी चकरा घेताना घेरी येऊ नये म्हणून ती भिंतीवरच्या कॅलेंडरावर नजर रोखत असे. रंगमंचावर कॅलेंडर कुठून आणायचे, या चिंतेने मी अर्धमेला झालो होतो, पण तिने प्रेक्षागृहाच्या मागच्या दारावरचा दिवा आधीच हेरून ठेवला होता.

ती उभी राहिली तेव्हा मी विंगेत होतो, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या मुठीत पिना. आमद, म्हणजे सुरुवातीचा प्रवेश, नीट झाली, तुकडे नीट झाले, चकरांत ओढणी हलली नाही. तिहाईत मात्र तिने दुसरी मोकळी मात्रा सोडलीच नाही आणि तबल्याच्या एक मात्रा आधी, सोळाव्यावरच येऊन थांबली. माझ्या पोटात खड्डा पडला. तिने हात तसाच धरून ठेवला आणि तबल्याचा ‘धा’ पडताक्षणी उजवा पाय आणखी एकदा आपटला. टाळ्या पडल्या. ताईंच्या भुवया मात्र वर गेलेल्या मी पाहिल्या.

घरी येताना रिक्षात विचारले, ‘‘घाई कशी झाली ग?’’ घुंगरांची पिशवी मांडीवर घेऊन ती म्हणाली, ‘‘मला तू दिसत होतास. तुझे ओठ हलत होते. तूच ती मात्रा खाल्लीस.’’

तेव्हा पिना ने, बाटली ने, गजरे ने, पण तिचा नाच सुरू झाला की प्रेक्षागृहात, शक्यतो मागच्या रांगेत जाऊन बस. धाकटीच्या घोट्याचा घेर सुतळीने मोजून कळव. माझ्याकडे सुती दोरी उरली आहे आणि हातही आता बरा बसला आहे, घुंगरू इकडेच पाठवलेस तर आठवड्यात ओवून देतो. वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा,
हिशेबनीस