पंख्यामागे माणूस असतो

मा. संपादक,

मी साउथ कॅरोलिनात राहतो, इथे एप्रिलमध्ये टर्कीची शिकार जोरात असते आणि आपली मराठी मंडळी त्याच सरकारी जंगलात ट्रेकला जातात म्हणून लिहितोय. बनावट टर्की जमिनीत रोवून दूर झाडाला टेकून बसायचं, याला माझी हरकत नाही. पण काही जण टर्कीच्या शेपटीचा पंखा तोंडापुढे धरून रांगत नराच्या अंगावर जातात. मी एकदा पायवाटेवरून बघितलं, गवतात फक्त तपकिरी पंखा हलत होता, मला शंभर टक्के पक्षीच वाटला, मग खालून बूट दिसले! दुसऱ्या कुणाच्या हातात बंदूक असती तर?

इथल्या सार्वजनिक शिकार क्षेत्रांत असं पंख्याआड लपणं बेकायदा आहे, ते बरोबरच आहे, खासगी जमिनीवरही बंद करा. अलाबामात तर सीझनचे पहिले 10 दिवस डिकॉयच (बनावट टर्की) चालत नाही, नरांना जोडी जमवायला तेवढा वेळ मिळतो.

आणि ट्रेकवाल्यांनो, एप्रिलमध्ये लाल, पांढरं, निळं घालून जाऊ नका प्लीज, नर टर्कीच्या डोक्याचे हेच रंग असतात.

– एक वाचक, साउथ कॅरोलिना