‘लवकरात लवकर’ म्हणजे किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्याने नोकरीत येणाऱ्या मुलामुलींविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जे लिहिले जात आहे, त्याचा सूर साधारण एकच आहे. ही पिढी टिकत नाही, ऐकून घेत नाही आणि घड्याळाकडे बघून काम करते. खरेदी विभागात ३१ वर्षे काढल्यावर, आणि त्यातली शेवटची चार अशाच पाच-सहा जणांच्या शेजारी बसून घालवल्यावर, यातल्या काही तक्रारी मलाही पटतात. त्यामागचे निदान मात्र पटत नाही.

१९९७ ते २०१२ या काळात जन्मलेल्यांना सरसकट ‘जेन झी’ म्हणून एका कप्प्यात घातले जाते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये आपल्या अभ्यासासाठी ही विभागणी वापरली आणि पुढे ती स्वभावाची पत्रिका असल्यासारखी सर्वत्र फिरू लागली. त्याच देशातील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये या प्रश्नाचा सविस्तर अहवाल दिला होता. कर्मचाऱ्यांना पिढीच्या नावाने ओळखून त्यांच्याविषयी धोरणे आखण्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. विशीतला माणूस अस्थिर असतो तो बहुतेक वेळा विशीत असतो म्हणून. आम्हीही होतो, फक्त आमच्या अस्थिरतेला तेव्हा कुणी इंग्रजी अक्षर चिकटवले नव्हते.

तरीही फरक आहे, आणि तो कशाचा हे कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच सांगून ठेवले आहे. नुसत्या जन्मसालाने पिढी होत नाही. घडण्याच्या वयात वाट्याला आलेल्या सामायिक अनुभवाने ती होते. या मुलांचा तो अनुभव कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची महासाथ जाहीर केली, तेव्हा १९९७ मध्ये जन्मलेले जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. त्यांच्यापैकी अनेकांची पहिली नोकरी, आणि त्यांच्यामागून आलेल्यांची कॉलेजची वर्षे, घरातल्या एका खोलीत पडद्यासमोर सुरू झाली. मी कामाला लागलो तेव्हा मला कुणी फारसे काही शिकवले नाही, पण शेजारच्या टेबलावरचे साहेब पुरवठादाराशी फोनवर कसे बोलतात, कुठे आवाज चढवतात आणि कुठे मुद्दाम गप्प बसतात, हे दिवसभर कानावर पडत होते. हे कानावर पडणेच या मुलांच्या वाट्याला आले नाही. आम्हाला जे न विचारता मिळाले ते त्यांना विचारून घ्यावे लागते, आणि विचारले की आम्ही त्याला उद्धटपणा म्हणतो.

एक प्रसंग सांगतो. विभागात नव्याने आलेल्या एका मुलीला मी सकाळी एक तुलनातक्ता ‘लवकरात लवकर’ करायला सांगितला. दुपारी चार वाजता तो टेबलावर नाही म्हणून मी सर्वांसमोर बोललो. तिने शांतपणे विचारले, “सर, लवकरात लवकर म्हणजे किती वाजता?” त्या क्षणी मला राग आला, कारण माझ्या काळात असा प्रश्न कुणी केला नसता. घरी जाताना लक्षात आले की माझ्या काळातही त्याचे उत्तर कुणाला माहीत नव्हते. आम्ही फक्त साहेबांचा चेहरा वाचायला शिकलो होतो. तेव्हापासून मी वेळ सांगतो, आणि तक्ता वेळेवर येतो.

याच मुलीने पुढे एकदा सर्वांत कमी दराचे दरपत्रक बाजूला ठेवण्याचे कारण फाइलवर काय लिहायचे, असे विचारले. कारण माझ्या डोक्यात होते: तो पुरवठादार दर कमी लावतो आणि हंगामात माल अडवतो. पण ते कधी कुठेच लिहिले गेले नव्हते. त्या दिवशी मी एक वही काढली आणि आमच्या विभागाचे असे अलिखित नियम उतरवायला बसलो. ‘मागणीपत्र दुपारी तीननंतर घ्यायचे नाही’ या नियमापाशी मी अडखळलो. पूर्वी टपाल चार वाजता निघायचे, म्हणून तो आला होता. टपालाने ऑर्डर पाठवणे बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, नियम तेवढा राहिला.

फोन न उचलता संदेश पाठवण्याच्या सवयीवरही आपल्या वाचकांचा रोख आहे. मलाही ती खटकते. दोन टेबले पलीकडच्या माणसाला टाइप करून काय विचारायचे? पण एका मुलाने दिलेले कारण मला खोडता आले नाही. तोंडी दिलेली सूचना नंतर वरिष्ठ नाकारतात आणि चूक कनिष्ठाच्या नावावर लागते, हे त्याने पहिल्याच नोकरीत अनुभवले होते. काम सुटल्यावर फोन-संदेशांना उत्तर न देण्याचेही तसेच. कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मोकळे राहण्याच्या हक्काचा कायदा फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून लागू आहे. म्हणजे हा काही आळशी पोरांचा हट्ट नव्हे.

त्यांची बाजू घेतो म्हणून त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. एकाने पुरवठादाराला पाठवायचे पत्र चॅटजीपीटीकडून लिहून घेतले. भाषा सफाईदार होती, मात्र आमच्या करारात कधीच नसलेले दंडाचे एक कलम त्यात होते. हे कुठून आले असे विचारल्यावर तो गोंधळला, कारण त्याने पत्र पूर्ण वाचलेच नव्हते. मी त्याला मूळ करार काढायला लावला आणि आम्ही दोघांनी एकेक कलम ताडून पाहिले. दीड तास गेला. त्या दीड तासात तो जे शिकला ते आम्ही पूर्वी हाताने पत्रे लिहिता लिहिता शिकत असू, आणि असली किरकोळ कामेच आता यंत्राकडे चालली असताना नवख्यांनी शिकायचे कुठे, हा प्रश्न त्यांच्यापेक्षा आम्हा वरिष्ठांचा अधिक आहे.

माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. ती वही आता त्या मुलांच्याच ताब्यात आहे. ते प्रश्न लिहितात, मी उत्तरे लिहितो. गेल्या आठवड्यातील दोन जागा अजून कोऱ्या आहेत. ती उत्तरे ज्यांना ठाऊक होती ते सहकारी केव्हाच निवृत्त झाले, आणि त्यांना विचारायचे आमच्यापैकी कुणाला सुचले नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक