मार्गदर्शन भरपूर, पण वाफा कुठे घालायचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘पुण्यात घरची भाजी पिकवायची तर विचारायचं कुणाला?’ अशा आशयाचं एक पत्र आपल्या सदरात नुकतंच वाचलं. पत्रलेखकांची तळमळ पटली, तक्रार पटली नाही. ज्या शहरात कृषी महाविद्यालय ऐन शिवाजीनगरात आहे, तिथे असा प्रश्न विचारणं म्हणजे मंडईत उभं राहून भाजी कुठे मिळते असं विचारण्यासारखं आहे. खरी अडचण वेगळी आहे, तिच्याकडे येतोच.

आधी माती. बंगल्याच्या आवारात किंवा सोसायटीच्या कडेच्या पट्ट्यात जी माती असते, तीत मुरूम, राडारोडा आणि चुनखडीच जास्त. चुनखडीमुळे सामू (म्हणजे मातीचा पीएच) वाढतो, जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारी म्हणतात पाणी कमी पडलं, नर्सरीवाला म्हणतो औषध मारा. त्यापेक्षा कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत अर्धा किलो माती द्यावी. थोड्याशा शुल्कात सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) असं सगळं कागदावर मिळतं. नमुना मात्र नीट घ्यायला हवा. वरचा पाचोळा सारून वीतभर खोल खणावं, चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून सावलीत वाळवावी. नुकतंच खत घातलेली माती नेली तर अहवालाला अर्थ राहत नाही.

कृषी महाविद्यालयात जिवाणू खतंही तयार होतात. अ‍ॅझोटोबॅक्टर हवेतला नत्र झाडाला मिळवून देतो, शेंगवर्गीय पिकांसाठी ते काम रायझोबियम करतो, आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारा जिवाणू) जमिनीत अडकलेला स्फुरद मोकळा करतो. एक पाव किलोचं पाकीट साधारण दहा किलो बियाण्याला पुरतं. गच्चीवर मेथी लावणाऱ्या माणसाला दहा किलो बियाणं सात जन्मांत लागणार नाही, तेव्हा चार-पाच घरांनी मिळून एक पाकीट आणलेलं बरं. जिवंत माल आहे, उन्हात ठेवू नये आणि रासायनिक खतात कालवू नये.

फळझाड लावायचं असेल तर गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात जावं. आपण चवीने खातो तो सरदार पेरू याच केंद्रातल्या निवडीतून आला, हे शेजारच्या औंधला राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे फुलांबरोबर सेल्फी काढून परतणारेच फार, पण बी-बियाणं, कुंड्या आणि अवजारांचे स्टॉलही पाहण्याजोगे असतात. देशी बियाण्यासाठी वारज्याची ‘बाएफ’ संस्था. अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेमागेही हीच संस्था उभी राहिली. संकरित वाणाचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी वेल तसाच निघेल याची खात्री नसते. देशी घेवड्याचं किंवा वालाचं बी मात्र पुढच्या हंगामालाही खुशाल लावावं. एवढं करून काही अडलंच, तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे मराठीत उत्तर मिळतं.

पालापाचोळ्याबद्दल मात्र जरा विस्ताराने लिहितो. माघ-फाल्गुनात पुण्यातले रस्ते पानांनी भरतात आणि ठिकठिकाणी ती पेटवली जातात. सार्वजनिक जागी कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, तरी हे चालूच. आणि तिकडे गच्चीवाले तीनशे-चारशे रुपयांची मातीची पोती जिन्याने वर चढवतात! एक चौरस मीटरच्या वाफ्यात वीतभर ओली माती म्हणजे तीनशे किलोच्या पुढे वजन. स्लॅबची काळजी असलेले सोसायटीचे चेअरमन नाही म्हणतात ते उगाच नाही. तोच वाफा पाचोळा, उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांनी भरला, वरून थोडंसं शेणखत टाकलं, तर वजन पुष्कळ कमी होतं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी प्रयोगशील शेतकऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तून ही दिशा कितीतरी आधी दाखवली होती. पानं नको असलेल्यांची आणि हवी असलेल्यांची गाठ घालून देणारा ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम पुण्यातलाच, आणि सेंद्रिय खताचं शिकवणारी ‘इनोरा’ही इथलीच. शिवाय गांडूळखत प्रकल्प चालू स्थितीत ठेवला तर मिळकतकरात पाच टक्के सवलत आहे. सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण जोडीला असेल तर दहा टक्के. आपल्या सोसायटीच्या बिलात ती दिसते का, एकदा पाहावं.

आता अडचणीकडे. वर लिहिलेलं सगळं गच्ची किंवा अंगण असणाऱ्यांच्या उपयोगाचं. चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत राहणाऱ्याने माती तपासून आणायची कुठली?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर नागरिकांना भाजीपाल्यासाठी भाड्याने वाफे देण्याची जबाबदारी टाकली. सहा रहिवाशांनी लेखी मागणी केली तरी तिची दखल घ्यावी लागते. तिथला ठरावीक वाफा सुमारे अडीच गुंठ्यांचा, आणि असे वाफे कसणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाही आहे. पुण्यात अडीच गुंठे मागितले तर लोक हसतील. पाव गुंठा पुरे. महापालिकेच्या ताब्यातले काही अ‍ॅमेनिटी स्पेसचे, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेले, भूखंड नुसतेच कुंपण घालून पडलेले दिसतात, राडारोडा झेलत. त्यातले दोन-चार तरी वर्षाच्या कराराने लहान वाफे पाडून द्यावेत. पक्कं बांधकाम नको, पाण्याला मीटर लावावा, आणि वर्षभर वाफा ओसाड ठेवणाऱ्याचा करार रद्द करावा. आज प्रत्येक बाग आखताना जॉगिंग ट्रॅक आणि कारंजं आधी ठरतं. त्यातल्या एका कोपऱ्यात वांगी लावायला काय हरकत आहे?

‘भाजी चोरीला जाईल’ असं यावर कुणीतरी म्हणेलच. जाईल की थोडी. बागेतली जास्वंद पहाटे पिशवीत भरून नेणारे आपण रोज पाहतोच, म्हणून महापालिकेने जास्वंद लावणं थांबवलेलं नाही.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे